दलदलीचं पान

आमच्या ॲल्डरबरी कॉलेजात परीक्षेला पर्यवेक्षक नसायचा. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. डिसेंबरातल्या परीक्षेच्या आठवड्यात, सोमवार ते शुक्रवार, आपल्याला सोयीच्या दिवशी ग्रंथालयाच्या तळमजल्यावरच्या खिडकीशी जायचं, आपल्या नावाचा लिफाफा मागायचा, कुठेही बसून पेपर लिहायचा आणि तीन तासांत परत आणून द्यायचा. रिकाम्या वर्गात बसा, प्रार्थनाघराच्या बाकावर बसा, स्वतःच्या पलंगावर मांडी ठोकून बसा, विचारणारं कुणी नाही. फक्त शेवटी एक ओळ आपल्या हाताने लिहून सही करायची: मी मदत घेतली नाही, मदत दिली नाही.

ऐकायला किती छान वाटतं ना? अहो, जीव नकोसा व्हायचा. कारण एकाने सोमवारी दिलेला तोच पेपर दुसरा शुक्रवारी देणार. म्हणून दुसरा नियम असा, की ज्याचा पेपर झाला त्याने न झालेल्याला त्याबद्दल एक अक्षर सांगायचं नाही. सोपा होता, अवघड होता, एवढंसुद्धा नाही. तोंड वाकडं करायचीही चोरी. त्या आठवड्यात मेसमध्ये सगळे टोमॅटोच्या सुपात चीजचं सँडविच बुडवत बर्फावर बोलायचे. किती पडला, किती पडेल, गेल्या वर्षी किती पडला होता. मला त्या आठवड्यात बर्फाची शिसारी यायची.

आणि तिसरा नियम सगळ्यात वाईट. आपल्याकडून चूक झाली तर आपणच जाऊन सांगायचं. दुसऱ्याची चूक दिसली, तर आधी त्याला एकट्याला गाठून बोलायची संधी द्यायची. चुगली करायची नाही आणि गप्पही बसायचं नाही. पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी एका जाड वहीत त्याखाली सह्या केल्या होत्या. अठराव्या वर्षी माणूस कशावरही सही करतं.

माझी रूममेट टॅबिथा कोगर. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातून आलेली, पाच फूट अकरा इंच, केस तांबडे, आणि बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. आई तिथल्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. टॅबीच्या आधी त्यांच्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हुशार होती, पण पहिल्या वर्षी घरच्या आठवणीने अशी काही खचली की दोन विषय गडगडले. दुसऱ्या वर्षीच्या सुरुवातीला कॉलेजने पत्र दिलं, की या सत्रात एकाही विषयात 'सी'च्या खाली घसरलीस तर घरी जावं लागेल. बाकीच्या विषयांची तिला चिंता नव्हती. धास्ती होती ती वनस्पतिशास्त्राची, कारण लिंडक्विस्टबाईंच्या हातून मार्क सुटत नसत आणि त्यांची शेवटची परीक्षा म्हणजे अर्धा निकाल.

तसं वनस्पतिशास्त्रही तिला सगळंच नावडतं होतं असं नाही. ऑक्टोबरात बाई आम्हाला उत्तरेकडच्या दलदलीत घेऊन गेल्या होत्या. आम्ही बाकीच्या फळ्यांच्या वाटेवरून नाकाला रुमाल लावून चाललो, आणि ही बया सरळ खाली उतरली. कंबरेपर्यंत आत. घटपर्णीच्या सुरईत बोट घालून बघ, दवबिंदू नावाच्या किडेखाऊ झाडाच्या पानावर चिकटलेली माशी मोज, शेवाळाचा गोळा पिळून किती पाणी निघतं ते बघ. बाई वरून ओरडत होत्या आणि हसतही होत्या. परतीच्या बसमध्ये ओल्या पँटीने ती माझ्याशेजारी बसली आणि दीड तास दलदलीवर बोलली. पुढे महिनाभर बोलली. मी तिला म्हटलंसुद्धा, की बाई गं, एवढं प्रेम एखाद्या मुलावर केलं असतंस तर लग्नाला उभी असतीस.

परीक्षेच्या आदल्या रविवारी दुपारी आम्ही दोघींनी पोस्टकार्डं लिहिली. निकाल लवकर हवा असेल तर स्वतःचा पत्ता घातलेलं कार्ड बाईंकडे देऊन ठेवायचं, त्या मागे श्रेणीचं अक्षर लिहून टपालात टाकायच्या. मी माझ्या टोलेडोच्या घरचा पत्ता घातला. टॅबीने आमच्या दोघींच्या सामायिक टपालपेटीचा घातला, दोनशे चौदा नंबर. मी विचारलं, सुट्टीत घरी जाणार ना तू? तर म्हणाली, घरी पाठवलं तर आई माझ्याआधी वाचेल. काही बरं-वाईट असलं तर तिला ते मी माझ्या तोंडाने सांगेन, कार्डावरून नको. जानेवारीत परत आल्यावर दोघी मिळून बघू.

मंगळवारी सकाळी मी पेपर दिला. टॅबीचा बुधवारी ठरला होता. लिफाफा उघडून बघते तर काय. अर्धा पेपर दलदलीवर. मला तिथलं आठवत होतं ते फक्त माझे भिजलेले मोजे. घटपर्णीचं आणि दवबिंदूचं मी नक्की काय आणि कुठे लिहिलं हे लिफाफा परत देतानाही मला सांगता आलं नसतं. खोलीवर आले तेव्हा टॅबी नव्हती. कोटही न काढता मी सहलीची वही काढली आणि दलदलीचं पान उघडून बघितलं. दोन्हींची अदलाबदल केली होती मी. स्वतःला चार शिव्या हासडल्या. घड्याळात बघते तर सव्वाबारा, आणि साडेबाराला माझी मेसमध्ये ताटं धुण्याची पाळी. तशीच धावले.

ताटं येतात त्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी होते, हातात सुपाचा वाडगा होता, आणि एकदम आठवलं. वही टेबलावर. उघडी. दलदलीच्या पानावर, त्यात माझ्या पेन्सिलीने आताच ओढलेल्या दोन रेघा. मी पेपर देऊन आले आहे हे टॅबीला माहीत. आल्या आल्या मी कुठलं पान उघडलं हे ज्याला दिसेल त्याला पेपरात काय आलं ते कुणी सांगायला नको. मी वाडगा हातात धरून तशीच उभी राहिले. मेसच्या ग्लॅडिसबाईंनी विचारलं, बरं नाही का गं, खोलीवर जा. पण तीन वाजेपर्यंत जागेवरून हलले नाही, कारण जायचीच भीती वाटत होती.

तीनला खोलीत गेले. वही बंद होती. तिच्यावर माझा मफलर नीट घडी करून ठेवलेला. टॅबी नव्हती.

म्हणजे तिने पाहिलं होतं.

आता इथे मी काय करायला हवं होतं ते शाळकरी पोरालाही कळेल. उठायचं, दहा मिनिटं चालायचं, लिंडक्विस्टबाईंना सांगायचं की माझ्याकडून हे असं झालं. बाई ओरडल्या असत्या, बस. पण मी पलंगावर बसले आणि विचार करायला लागले. विचार केला की माझं नेहमी वाटोळं होतं. मी मनाला समजावलं, कदाचित झाडूवाल्या बाईने आवरलं असेल. कदाचित टॅबीने न बघताच बंद केली असेल. मी उगाच जाऊन बोंब मारली तर चौकशी टॅबीची होणार, आणि तिची या सत्रात चौकशी म्हणजे सामान बांधायची वेळ. बघा किती थोर मन माझं. खरं काय ते सांगू? माझ्या नावापुढे शेरा लागेल याचीच मला भीती होती. टॅबीचं नाव मी पांघरूण म्हणून घेतलं.

संध्याकाळी ती आली. नाक लाल, बुटांवर बर्फ. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणाली, फिरायला. माझ्याकडे तिने नीट पाहिलंही नाही. पुस्तक घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून वाचत बसली. कुठलं प्रकरण ते मी मान लांब करून बघायचा प्रयत्न केला, दिसलं नाही.

बुधवारी दुपारी तिचा पेपर झाला. मी विचारलं, झाला? ती म्हणाली, झाला. आता आम्हाला आपसात बोलायची मुभा होती. दोघींचाही झाला होता. ही तीच मुलगी, जी दलदलीवर महिनाभर बडबडली, आणि आता अर्धा पेपर तिच्या लाडक्या दलदलीवर येऊनही तोंडातून चकार शब्द नाही. माझी खात्रीच पटली. हिने माझी वही बघितली, तिचा फायदा घेतला, आणि आता हिला माझ्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही.

आणि मग मला तिचाच राग यायला लागला. माणसाचं मन किती हरामखोर असतं बघा. चूक माझी, वही माझी, आणि मी तिच्यावर डूख धरून बसले. ती दात घासायला गेली तरी मला वाटायचं, बघा कशी चोरासारखी जाते. जेवायला आम्ही वेगवेगळ्या टेबलांवर बसलो. रात्री झोप लागेना.

गुरुवारी सकाळी मी बूट घालत होते. टॅबी तिच्या पलंगाच्या काठावर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. म्हणाली, "लोर्ना, तुला माझ्याशी काही बोलायचंय का?"

मी म्हटलं, "नाही. का? तुला बोलायचंय?"

तिने हात मांड्यांखालून काढले. मग म्हणाली, "नाही. मला नाही."

मी बुटाची नाडी इतकी जोरात ओढली की ती तुटली. मनात म्हटलं, चाचपून बघते आहे. मला किती माहीत आहे ते काढून घेते आहे. सबंध दिवस मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते, आणि त्या भांडणात दर वेळी मीच जिंकत होते.

शुक्रवारी मात्र मला राहवेना. परीक्षेचा शेवटचा दिवस, पाच वाजता खिडकी बंद. साडेचारला मी विज्ञान इमारतीचा जिना चढून दुसऱ्या मजल्यावर लिंडक्विस्टबाईंच्या दाराशी जाऊन उभी राहिले. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता. आत रेडिओ बारीक आवाजात चालला होता, पानं उलटल्याचा आवाज येत होता. मी हात वर केला. पहिलं वाक्य काय म्हणायचं ते पाठ करून आले होते, ते आठवेना. हात तसाच खाली घेतला. पुन्हा वर केला. आतली पानं उलटायची थांबली, रेडिओही बंद झाला. मी घाबरले आणि चोरपावलांनी जिना उतरले. उद्या बघू म्हटलं.

शनिवारी सकाळी टॅबी सामान भरत होती. तिची बस दोनला होती. दोन स्वेटर, आईसाठी घेतलेला साबणाचा डबा, मेसमधून रुमालात बांधून आणलेले दालचिनीचे दोन रोल. हळूहळू, नीट घड्या घालत होती. मला ते शांत घड्या घालणं बघवेना. अशी कशी ही निवांत? मी चार दिवस जळते आहे आणि ही रोल बांधते आहे. माझा तोल गेला. म्हटलं, "मग, दलदलीवर किती पानं खरडलीस?"

तिने घडी घालायची थांबवली. "कसली दलदल?"

"नाटक पुरे, टॅबी. अर्धा पेपर दलदलीवर होता."

"तुझा असेल," ती म्हणाली. "माझ्या पेपरात दलदल नव्हती. गवतं होती."

ती उभ्या उभ्याच सांगत होती, आवाज न चढवता, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगते आहे. मंगळवारी ती जेवून आली, टेबलावर वही उघडी दिसली, त्यातल्या ताज्या रेघा दिसल्या, आणि पेपरात काय आहे ते तिला कळलं. तिने वही बंद केली, वर मफलर ठेवला, आणि तशीच बर्फातून लिंडक्विस्टबाईंकडे गेली. त्यांना म्हणाली, पेपरातलं काही तरी माझ्या नजरेला पडलं आहे, कुणामुळे ते मी सांगणार नाही, पण मी तो पेपर देऊ शकत नाही. बाईंनी जास्त काही विचारलं नाही. त्यांच्या खणात नेहमी एक दुसरा पेपर असे. बुधवारी टॅबीच्या लिफाफ्यात तो होता. गवतांची कुळं, गवतांची फुलं, गवतांची मुळं. तीन तास.

मी म्हटलं, "पण दलदल तर तुला आधीपासूनच सगळी पाठ होती."

"हो," ती म्हणाली.

"मग ते का नाही सांगितलंस त्यांना? वही बघायच्या आधीपासून येतं म्हणून?"

"काय दिसलं ते सांगितलं असतं तर कुणाची वही तेही आलंच. ते सांगणं तुझं काम होतं." तिने बॅगेची चेन ओढली. "मला वाटलं तू त्याच दिवशी येशील. मग वाटलं, बुधवारी येशील. गुरुवारी मी तुला विचारलं."

मला रडू कोसळलं, आणि त्यातही लाज अशी की रडायचा हक्क तिचा होता. मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता बाईंकडे जाऊ. ती म्हणाली, तू जा. मला मार्क मागायला जायचं नाही. त्या बोलण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी कोटाशिवाय धावले. लिंडक्विस्टबाई टेबलाशी बसल्या होत्या, पुढ्यात निकालाचा तक्ता. मी दारातूनच सगळं ओकून टाकलं. वही, रेघा, मफलर, चार दिवस, सगळं. टॅबीला दलदलीचं विचारा म्हटलं, तोंडी विचारा, उभ्या उभ्या विचारा, तिच्याइतकं वर्गात कुणाला येत नाही.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. साठीच्या बाई, एरवी करारी, पण त्या वेळी फार थकलेल्या दिसल्या. म्हणाल्या, "तिला दलदल किती येते ते मला माहीत नाही का, लोर्ना? तिला कंबरेइतक्या चिखलातून मीच ओढून बाहेर काढलं. काय दिसलं आणि कसं दिसलं एवढं कुणी येऊन सांगितलं असतं, तर मी तिला इथे उभी करून दहा मिनिटांत मार्क दिले असते. पण परीक्षा काल पाचला संपली. त्यानंतर मी कुणाकडून एक ओळही घेऊ शकत नाही. त्या वहीत आम्ही शिक्षकांनीही सह्या केलेल्या असतात."

मी म्हटलं, "बाई, मी काल साडेचारला आले होते. तुमच्या दारापर्यंत."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "फटीतून बूट दिसत होते. एकाला नाडी नव्हती. मी रेडिओ बंद करून वाट बघत बसले. ज्याला बोलायचं आहे त्याने स्वतः दार वाजवावं लागतं, मी उघडून विचारू शकत नव्हते." मग त्यांनी चष्मा घालून तक्ता पुढे ओढला, आणि मी निघाले.

धावत खोलीवर आले तर टॅबी बस थांब्याकडे गेली होती. मी थांब्यावर पोचले तेव्हा ती रांगेत होती. मी सांगितलं, सांगून आले. ती म्हणाली, बरं केलंस. तिने दोनातला एक रोल काढून माझ्या हातात दिला आणि बसमध्ये चढली. मी तो तिथेच उभी राहून खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि तेवढी भूक लागल्याचीही मला शरम वाटली.

हे नियम बघणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळाने मला लेखी ताकीद दिली. वर म्हणाले, मुद्दाम केलं नव्हतंस, आणि शेवटी स्वतः आलीस. एकाने तर पाठ थोपटली. मला तिथेच ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, तुम्हाला काही कळतं का.

जानेवारीत परत आले तेव्हा खोलीतला तिचा पलंग उघडा होता, गादीवरची निळी रेघ दिसत होती. कॉलेजचं पत्र तिच्या घरी आधीच गेलं होतं, असं वॉर्डनबाई म्हणाल्या. त्या पत्रात फक्त परत येऊ नकोस एवढंच असतं, कुठल्या विषयात काय मिळालं ते नसतं. मी खाली जाऊन आमची टपालपेटी उघडली. दोनशे चौदा. आत माझ्या दाताच्या डॉक्टरांचं तारखेची आठवण देणारं पत्र होतं आणि एक पोस्टकार्ड. पुढे टॅबीचं मोठं, तिरकं अक्षर: टॅबिथा आणि लोर्ना. नाव एकटीचं घालायचं सोडून तिने दोघींचं घातलं होतं. मागे लिंडक्विस्टबाईंच्या हातचं एकच अक्षर, डी.

टपालघरातल्या माणसाने विचारलं, ती मुलगी गेली ना, मग हे पुढे पाठवायचं का? नियम असा की पाठवायचं. त्याने मला पेन दिलं. मी आमच्या पेटीचा नंबर खोडला आणि त्याखाली डोंगरातल्या तिच्या घरचा पत्ता लिहिला, तिच्या आईच्या नावाच्या घराचा, जिथे टपाल आधी तिची आई उघडते.